माळ्यावरचे कागद

गेल्या वर्षी आमच्या प्रभागातल्या एका रस्त्याची कागदपत्रे मी माहिती अधिकारात मागितली. रस्ता काँक्रीटचा, जेमतेम चारशे मीटरचा, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या सांध्यांमधून खडी वर आलेली. जोडपत्र 'अ'चा नमुना भरला, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि मागणी दीडशे शब्दांत बसवली : अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती वर्षांचा ठरला आहे ते. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी पत्र आले की माहिती ६३ पानांची आहे, पानाला दोन रुपयांप्रमाणे १२६ रुपये भरावेत. पैसे भरले, कागद आले. ते जमिनीवर पसरून बसलो असताना शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त काका आले, वरचे पान पाहून हसले आणि म्हणाले, "अहो, हे तर माझ्याकडे आहे. मागच्याच वर्षी मागवलं होतं. माळ्यावर असेल कुठेतरी."

म्हणजे एकाच रस्त्याची कागदपत्रे एकाच कार्यालयातून वर्षभराच्या अंतराने दोनदा निघाली, दोनदा झेरॉक्स झाली आणि शंभर पावलांवरच्या दोन घरांत जाऊन पडली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या तिसऱ्या माणसाला ती हवी असतील, तर त्यालाही पुन्हा स्टॅम्प आणावा लागेल आणि पुन्हा महिनाभर वाट पाहावी लागेल. प्रश्न सगळ्या रस्त्याचा होता, उत्तर मात्र एकेकाच्या माळ्यावर गेले. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला, त्याला वीस वर्षे होऊन गेली. या काळात महाराष्ट्रात असे किती माळे भरले असतील याचा अंदाज करवत नाही. सरकार माहिती दडवते ही तक्रार खरी आहेच. पण जी माहिती झगडून बाहेर काढली गेली, तिचे आपण काय केले, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही, आणि माझ्या मते पारदर्शकतेची मोठी गळती तिथेच आहे.

कायद्याची मूळ कल्पना काय होती हे आधी पाहिले पाहिजे. माहिती मागण्यासाठी अर्ज करावा लागणे हा या कायद्यात अपवाद धरला आहे. कलम ४(१)(ख) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपली रचना, अधिकार, निर्णयप्रक्रिया, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी अशी १७ बाबींची माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगते, आणि त्यासाठी कायदा संमत झाल्यापासून १२० दिवसांची मुदत होती. कलम ४(२) तर स्पष्टच म्हणते की लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी, इतकी माहिती आपणहून देण्याचा प्रयत्न सतत झाला पाहिजे. प्रत्यक्षात कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर 'माहितीचा अधिकार' या कळीवर बोट ठेवून पाहावे : तिथे बहुधा १७ बाबींची एक स्कॅन केलेली पुस्तिका सापडते, ज्यातले जन माहिती अधिकारी केव्हाच बदलून गेलेले असतात. कायद्याचे अक्षर पाळले गेले, उपयोग मात्र शून्य. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या परिपत्रकात आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. माहिती अधिकारात आलेले अर्ज आणि त्यांना दिलेली उत्तरे, व्यक्तिगत स्वरूपाची वगळून, संकेतस्थळावर शोधता येतील अशा रीतीने टाकावीत, असे त्यात म्हटले आहे. ते मनापासून पाळले गेले असते आणि राज्यांनीही तसेच केले असते, तर काकांचा संच मला घरबसल्या मिळाला असता.

'सरकारने माहिती खुली केली' हे वाक्य आपण फार ढोबळपणे वापरतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांचे संकेतस्थळ हे त्याचे चांगले उदाहरण आहे, आणि चांगले हा शब्द मी उपरोधाने वापरत नाही. मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय विभागवार, तारीखवार तिथे मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी तो निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे, असे ठरीव वाक्य असते. संकेतांक हा वर्ष, महिना, दिवस यांनी सुरू होणारा लांबलचक आकडा, ज्याला तो माहीत आहे त्याला कागद हमखास सापडतो. पण 'दोषदायित्व' हा शब्द कोणकोणत्या निर्णयांत आला आहे, हे शोधायला जावे तर गाडी अडते. कित्येक पीडीएफ म्हणजे कागदाचे नुसते छायाचित्र असते. जिथे अक्षरे आहेत तिथे ती उचलून दुसरीकडे चिकटवली की मात्रा एकीकडे, रफार दुसरीकडे आणि जोडाक्षरांची लक्तरे होतात. जुन्या फाँटमध्ये टंकलेले कागद तर यंत्राला मराठी म्हणून ओळखूच येत नाहीत. डोळ्यांनी वाचता येणारे आणि यंत्राला शोधता येणारे, यांतला हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण हजारो निर्णयांच्या ढिगात न शोधता येणारा निर्णय नागरिकाच्या दृष्टीने असून नसल्यासारखाच असतो.

हे अंतर भरून काढण्याचे काम जगभर आणि आपल्याकडेही मुख्यतः सामान्य लोकांनी एकत्र येऊन केले आहे. उमेदवारांची शपथपत्रे हे त्यातले जुने उदाहरण : सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ती सार्वजनिक झाली, पण हाताने लिहिलेल्या पानांतून मालमत्ता आणि गुन्हे यांचे तक्ते तयार झाले ते असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या निवडणूक सुधारणांसाठी झटणाऱ्या संस्थेने ते काम चिकाटीने अंगावर घेतले म्हणून.

अगदी अलीकडचे उदाहरण निवडणूक रोख्यांचे, म्हणजे स्टेट बँकेतून घेऊन राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याच्या रोख्यांचे आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि स्टेट बँकेला तपशील देण्याचा आदेश दिला. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. खरेदीची नोंद एकीकडे आणि वटवल्याची नोंद दुसरीकडे असल्याने त्यांचा मेळ घालणे वेळखाऊ आहे, असे तिचे म्हणणे होते. ११ मार्चला न्यायालयाने ते फेटाळले. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन स्वतंत्र याद्या प्रसिद्ध केल्या. एकीत कोणी किती रकमेचे रोखे घेतले ते होते, दुसरीत कोणत्या पक्षाने किती वटवले ते होते, आणि दोहोंना जोडणारा धागा मात्र कुठेच नव्हता. एप्रिल २०१९ पासून विकले गेलेले २२,२१७ आणि वटवले गेलेले २२,०३० रोखे असे समोरासमोर मांडूनही 'कोणी कोणाला दिले' हे कळत नव्हते. १८ मार्चला न्यायालयाने प्रत्येक रोख्याचा विशिष्ट क्रमांकही द्यायला सांगितले आणि २१ मार्चला तो याद्यांमध्ये आला. त्यानंतर काही तासांत पत्रकार, संगणक अभियंते आणि उत्साही विद्यार्थी यांनी दोन याद्या क्रमांकाने जोडून कोणत्या कंपनीचे किती पैसे कोणत्या पक्षाकडे गेले याचे तक्ते तयार केले, एकमेकांच्या चुका दाखवल्या आणि दुरुस्त केल्या. ज्या मेळासाठी बँक साडेतीन-चार महिने मागत होती तो एका रात्रीत झाला, असे म्हणणे थोडे अन्यायाचे ठरेल, कारण बँकेपुढे सीलबंद पाकिटांतली नोंद होती आणि लोकांपुढे तयार रकाना. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. सगळी गुपिते एका क्रमांकाच्या रकान्यात होती. तो रकाना नसताना दिलेली माहिती ढिगाने असूनही निरुपयोगी होती, आणि तो मिळताच तिला वाचा फुटली. म्हणून माहिती मागताना 'माहिती द्या' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या रकान्यासह आणि कोणत्या स्वरूपात, हेही भांडून घ्यावे लागते.

सामूहिक कामाच्या मर्यादाही लपवण्यात अर्थ नाही. करोनाच्या काळात स्वयंसेवकांच्या एका गटाने चालवलेली 'कोविड१९इंडिया' ही नोंद देशभर रोज पाहिली जात होती. राज्यांची रोजची पत्रके वेगवेगळ्या साच्यांत येत, ती उलगडून हे लोक जिल्हावार आकडे एकत्र करत. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले, तेव्हा ती एका दिवसाची उसळी नसून जुना हिशेब आहे हे समजावून सांगण्यासाठी अशा जाणत्या नोंदणीची किती गरज असते, ते दिसले. पण ३१ ऑक्टोबर २०२१ ला हे काम थांबले. थांबणारच होते. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून दीड वर्षाहून अधिक काळ रोज रात्री आकडे भरणाऱ्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? दोष असलाच तर तो त्या व्यवस्थेचा, जिच्याकडे हे सगळे आकडे मुळातच होते आणि तरीही ते नीट मांडण्याचे काम तिने परक्यांच्या रात्रींवर सोडले. नागरिकांनी सरकारचे कारकुनी काम कायमचे फुकट करून द्यावे असे माझे म्हणणे नाही. त्यांनी ते करून दाखवावे आणि मग 'हे तुम्ही का करत नाही?' असे विचारावे. राजस्थानात काहीसे असे घडले आहे. सरकारी योजनांची माहिती अर्जाशिवाय खुली करणारे तिथले जन सूचना पोर्टल १३ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यावर काय असावे हे ठरवताना सरकारी अधिकाऱ्यांबरोबर मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या लोकसंघटनाही बसल्या होत्या.

त्या संघटनेचा उल्लेख आलाच आहे, तर एक जुनी गोष्ट आठवण करून देण्यासारखी आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातल्या कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई झाली. इंटरनेटचा तिथे मागमूस नव्हता. मिळवलेली हजेरीपत्रके आणि बिले भर सभेत मोठ्याने वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्यांनी सांगायचे, अशी ती पद्धत होती. अमुक माणसाने त्या कामावर पाऊलही ठेवलेले नाही, किंवा ज्या इमारतीचे बिल निघाले तिला अजून छप्परच नाही, हे कागदावरून कोणालाच कळत नाही, ते गावाला माहीत असते. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या चळवळीतली, आणि तिच्यातला 'हमारा' हा शब्द एकवचनी नाही. लोकांनी मिळून जमवलेल्या माहितीच्या आजच्या सामायिक साठ्यांकडे मी या नजरेने पाहतो. नुसते तक्ते चढवून काम होत नाही. मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटची जाडी वीस सेंटिमीटर लिहिली असेल आणि ज्याने तो रस्ता उकरताना पाहिला त्याला ती बारा दिसली असेल, तर त्या माणसाचा शेरा त्याच पानाशी जोडला गेला पाहिजे. ज्या साठ्यात स्थानिक माणसाला आपले म्हणणे नोंदवायला जागा नाही, तो कपाटातल्या बाडाहून फार वेगळा नाही.

माहिती अधिकारात मिळालेले कागद अशा सामायिक साठ्यात सगळ्यांसाठी खुले ठेवावेत, या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांत पहिला ठरलेला आहे : माहिती अधिकाराचा धंदा करणारे लोक. कार्यालयात जरा वेळ बसले तर कोणीही अभियंता त्यांच्या कहाण्या सांगतो, आणि त्या सगळ्याच खोट्या नसतात. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचे आणि मग ठेकेदाराला फोन करायचा, असा उद्योग करणारे आहेतच. पण त्यांचे भांडवल काय असते याचा विचार केला, तर हा आक्षेप उलटतो. कागद फक्त त्यांच्याकडे असतो, हेच त्यांचे भांडवल. जो कागद चार घरांत पोहोचला आहे आणि कोणालाही पाहता येतो, तो दाखवून कोणाकडून काय उकळणार? दिलेले प्रत्येक उत्तर त्याच दिवशी सार्वजनिक होऊ लागले, तर या धंद्याचा पायाच जाईल. कार्यालयांना खंडणीखोरांचा खरोखर त्रास होत असेल, तर उत्तरे उघड करण्याची मागणी सर्वांत आधी त्यांनीच करायला हवी होती. ती त्यांनी केलेली नाही, यावरून ज्याने त्याने काय समजायचे ते समजावे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. लाभार्थ्यांच्या याद्या आधार आणि बँक खात्याच्या क्रमांकांसह संकेतस्थळांवर लटकलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्यात उघडे पडतात ते गरीब, ठेकेदार नव्हे. म्हणून साठा जमवणाऱ्यांनी स्वतःवर शिस्त घालून घ्यावी : खाते क्रमांक, भ्रमणध्वनी, आजार, जात यांवर काळी पट्टी फिरवल्याशिवाय कोणताही कागद वर चढू नये. मात्र याच खासगीपणाच्या नावाने कायद्यात जे झाले आहे ते वेगळ्या जातीचे आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) नुसार पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होते, असे असावे लागे आणि व्यापक लोकहित असेल तर तीही देता येई. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने ही सगळी चाळणी काढून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच शब्द ठेवले. देयकावर सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव ही वैयक्तिक माहिती आहे की नाही? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मधली लोकहिताची तरतूद अजून शाबूत आहे, पण ती मागायला अपिलात जावे लागते आणि दुसऱ्या अपिलाची तारीख येईपर्यंत रस्ता दोनदा उखडून पुन्हा केलेला असतो. अशा काळात जे कागद आधीच बाहेर आले आहेत ते सांभाळून ठेवण्याचे मोल वाढले आहे, कारण त्यांतले काही यापुढे पुन्हा मिळतीलच याची खात्री नाही.

कागद खोटा कशावरून नाही, हा प्रश्नही रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. टंकलेल्या तक्त्याशेजारी मूळ पानाचे स्कॅन, कार्यालयाचे नाव, अर्जाचा क्रमांक आणि उत्तराची तारीख असली की कोणालाही त्याच कार्यालयातून ताळा करून घेता येतो. शिवाय अर्जातच माहिती 'एक्सेल स्वरूपात द्यावी' असे लिहिण्याची सवय लावून घेतली पाहिजे. कलम ७(९) मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्याबद्दल आहे. साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखालाच धोका असेल, तर तेवढे स्वरूप बदलण्याची मुभा ते देते, माहितीच नाकारण्याची नाही. आपल्याकडची उत्तरे मात्र हेच कलम दाखवून 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने आपण समक्ष येऊन अभिलेखाची पाहणी करावी' असे सांगतात. ही पाहणीही वाया घालवू नये. पुणे महापालिकेत रुळलेली सोमवारच्या पाहणीची प्रथा राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने जिल्हा पातळीवरील कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली आहे, दुपारी तीन ते पाच. त्या दोन तासांत चार जणांनी मिळून जावे, एकाने पाने उलटावीत, दुसऱ्याने फोटो काढावेत, असे आम्ही करून पाहिले आहे. एकट्याला 'साहेब मीटिंगला गेलेत' असे सांगणारा शिपाई चौघांना खुर्च्या देतो.

राहिला प्रश्न हे सगळे ठेवायचे कुठे हा. एखाद्या उत्साही मुलाने संकेतस्थळ काढावे, दोन वर्षांनी त्याची नोकरी बदलावी आणि नाव नूतनीकरणाअभावी सगळे गडप व्हावे, हे पुष्कळदा झाले आहे. माझी सूचना जुनाट वाटेल, पण ती सार्वजनिक ग्रंथालयांची आहे. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित ग्रंथालये गावोगाव उभी आहेत. तिथे ग्रंथपाल आहे, दाखलनोंद वही आहे, आणि पुस्तकाला क्रमांक देऊन ते वर्षानुवर्षे सांभाळण्याची सवय आहे. गावाशी संबंधित माहिती अधिकारातली उत्तरे त्या वहीत दाखल करून घ्यायला आणि त्यांचे स्कॅन एका सामायिक साठ्यात पाठवायला फार मोठे यंत्र लागत नाही. कित्येक ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर ज्यांची बिले तपासायची तेच बसलेले असतात, ही अडचण मला ठाऊक आहे. म्हणूनच एक प्रत तिथे आणि एक दुसरीकडे, असे हवे.

एकाहून अधिक प्रतींचे महत्त्व मला खरे कळले ते काकांमुळे. महिनाभराने त्यांनी माळा साफ केला आणि त्यांचा संच घेऊन आले. दोन्ही संच शेजारी ठेवून आम्ही पाने लावत गेलो. त्यांच्याकडे ६१ पाने निघाली. माझ्याकडे जादा असलेली दोन पाने म्हणजे ठेकेदाराला विनादंड मुदतवाढ दिल्याचे पत्र होते आणि त्यावरची तारीख काकांच्या अर्जाच्या पाच महिने आधीची होती. ते त्यांना चुकून दिले गेले नसेल, किंवा तेव्हा ते लिहिलेच गेले नसेल. एका संचावरून यातले काहीच दिसले नसते. पत्र खरोखर कधी बाहेर पडले हे कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत असणार, म्हणून त्या महिन्याची जावक पाने मागणारा अर्ज आम्ही मिळून लिहिला आहे. नाव त्यांचे, स्टॅम्प माझा, आणि उत्तर आले की पहिली प्रत आमच्या वाचनालयात.